कंडक्टर खाली उतरवला का?

आमच्या घरात गेली तीसेक वर्षं एकच विनोद चालू आहे. पाहुणा आला आणि त्याने "तुम्ही दोघं काय करता?" असं विचारलं, की आमचे हे सांगणार, "मी बस चालवतो आणि ही ड्रायव्हर बसवते." पाहुणा बुचकळ्यात पडायचा. हे ठाण्यात शहर बसवर ड्रायव्हर होते, ते खरंच. मी डोंबिवलीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये संगणकाच्या लॅबची सहायक होते आणि संगणकांमध्ये ड्रायव्हर बसवणं हे माझं काम होतं, तेही खरंच. विनोद कधीच शिळा झाला, पण ह्यांना तो दर वेळी नव्याने सुचल्यासारखा आनंद होतो. म्हणून मी कधी अडवत नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. नोकरीतलं काही लिहून द्या, असं संपादकांनी म्हटलं तेव्हा आधी हसूच आलं. शिकवायला ज्या असतात त्या 'मॅडम', लॅब सांभाळते ती 'ताई'. निकालाच्या दिवशी पेढे मॅडमना मिळतात. ताईकडे मुलं येतात ती माउस चालत नाही म्हणून. याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुरेखा नावाच्या एका विद्यार्थिनीच्या शेवटच्या संधीच्या परीक्षेत माझ्या हातून एक चूक झाली होती, त्याची.

ती कळायला आधी माझं काम कळलं पाहिजे. संगणकाच्या पेटीत एक पंखा लावलेली पट्टी असते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. पडद्यावर जे जे दिसतं ते काढायचं काम तिचं. पण ती आपल्या कंपनीची भाषा बोलते. संगणकाचा सगळा कारभार पाहणारी जी प्रणाली असते, आमच्याकडे ती लिनक्स होती, तिला ही भाषा येत नाही. मग दोघांच्या मधे एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो, एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावणारा. तो ड्रायव्हर. तो चुकीचा बसला तर संगणक आत व्यवस्थित चालू असतो, पण पडदा काळा ठिक्कर. समोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने मशीन मेलेलं.

लिनक्स का, तर ते फुकट. वागळे इस्टेटमधली एक कंपनी गाशा गुंडाळून गेली, तेव्हा तिचे तीस संगणक आमच्या पदरात पडले. तीस पेट्या आणि तऱ्हेतऱ्हेची कार्डं. मी त्यांना खोक्याच्या रंगावरून ओळखायची: लाल कंपनीची आणि हिरव्या कंपनीची. लाल कार्डं गरीब स्वभावाची. लिनक्सबरोबर जो ड्रायव्हर आपसूक येतो त्याच्यावर मुकाट चालतात. हिरव्यांचं मात्र कौतुक फार. त्यांना दोन ड्रायव्हर मिळतात. एक जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला. तो जुन्या कार्डांवर रेंगाळत चालतो, पण सहसा दगा देत नाही. दुसरा खुद्द कंपनीचा. तो पळतो, पण त्याच्या बॉनेटला कुलूप असतं, आत काय चाललंय ते कुणाला दाखवत नाही. शिवाय कंपनी काही वर्षांनी जुन्या कार्डांशी बोलणंच टाकते. लिनक्स नवं होत राहतं, कार्ड जुनंच, आणि त्याच्यासाठी लिहिलेला ड्रायव्हरही जुनाच. मग एखाद्या सकाळी तिघांचं फाटतं आणि पडदा जातो.

पहिल्याच वर्षी हे माझ्या वाट्याला आलं. एका मशीनला कौतुकाने कंपनीचा ड्रायव्हर बसवला, मशीन बंद करून चालू केलं आणि पडदा काळा. काही दिसतच नाही तर दुरुस्त कुठून करणार? अख्खं लिनक्स पुसून पुन्हा घातलं. पुन्हा तेच. दोन दिवस गेले. घरी जेवताना मी करवादत होते. हे शांतपणे भात कालवत होते. म्हणाले, "रिव्हर्स घेताना कंडक्टर खाली उतरवला नव्हतास का?"

मी म्हटलं, "अहो, मी काय सांगतेय आणि तुमचं काय!"

"अगं, ऐक तर. बस मागे घ्यायची तर ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मग कंडक्टर खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो, पत्र्यावर थाप मारत सांगतो, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास! एकट्याने रिव्हर्स घेतला आणि कुठे ठोकली, तर तुम्ही कितीही चांगले ड्रायव्हर असा, मेमो मिळतो. तुझ्या मशीनला मागून बघणारं कुणी नाही?"

मी घास तसाच धरून बसले. होतं की! लॅबमधली सगळी मशीनं तारेने एकमेकांना जोडलेली होती. लिनक्समध्ये अशी सोय असते की शेजारच्या संगणकावर बसून तारेतून या संगणकात शिरता येतं. त्याचा पडदा काळा असला तरी आतून दार उघडतं. मात्र ते दार आधी करून ठेवावं लागतं, दोन ओळींचं काम आहे. पडदा गेल्यावर करू म्हटलं तर वेळ गेलेली असते.

त्या दिवसापासून माझा नेम ठरला. कपाटाच्या दारावर मी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: 'एक, कार्ड कोणतं ते बघा. दोन, कंडक्टर उतरवा. तीन, ड्रायव्हर बसवा. चार, चाकं फिरवून बघा.' चाकं म्हणजे लिनक्समधला एक गमतीचा प्रोग्राम. लाल, हिरवं, निळं अशी तीन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. ती गुळगुळीत फिरली की समजायचं, ड्रायव्हर लागू पडला. नवीन आलेले सर तो कागद वाचायचे आणि विचारायचे, "ताई, हा कंडक्टर काय प्रकार आहे?" मी सांगायची, "सर, डेपोतला आहे."

सगळी वर्षं अशी डोकं चालवण्यात गेली असं मात्र नाही. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. आमचे शिपाई गोविंदमामा मोठ्या भक्तीने प्रत्येक पेटीला हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि वरून अक्षता टाकायचे. एका वर्षी दसऱ्यानंतर नऊ नंबरचं मशीन दर वीस मिनिटांनी मान टाकायला लागलं. मी कंपनीचा ड्रायव्हर काढला, हौशी लोकांचा घातला. तो काढून कंपनीचाच आधीचा घातला. तीन दिवस माझं हेच. चौथ्या दिवशी वैतागून पेटी उघडली तर कार्डाच्या पंख्यात कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा! पंखा अडलेला, कार्ड तापतंय आणि मशीन बंद पडतंय. गोविंदमामा मागे उभे होते. म्हणाले, "काय बाई, देवाचा दाणा आत आणि तुम्ही तीन दिवस ड्रायव्हरला धरून बसलात." पुढच्या वर्षीपासून अक्षता ताटलीत राहिल्या आणि मीही आधी पेटी उघडून बघायला शिकले.

आणि आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीतले लेलेकाका. त्यांच्या मुलाने त्यांना घरी लिनक्सचा संगणक करून दिला होता. एकदा त्यातलं काहीतरी नवं झालं, ड्रायव्हर निसटला आणि पडद्यावर सगळं भलंमोठं दिसायला लागलं. मुलगा ठाण्याला राहतो, त्याने फोन करून मला सांगितलं. मी गेले, योग्य ड्रायव्हर बसवला, अक्षरं कशी रेखीव, बारीक झाली. दुसऱ्या दिवशी काका दारात. "शोभाताई, अहो बिघडवलंत तुम्ही! चार दिवस मी चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचत होतो." मी अक्षरं मोठी करून दिली. तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी म्हणाले, "ते राहू द्या हो. आधी जसं बिघडलेलं होतं तसंच बिघडवून द्या." मी कपाळाला हात लावला आणि दिलं बिघडवून. काका अजून त्याच पडद्यावर वाचतात आणि मी भेटले की माझ्या हाताला गुण आहे असं चारचौघांत सांगतात.

आता सुरेखा.

ती टिटवाळ्याहून यायची. वय चौतीस. लग्नाआधी डिप्लोमा अर्धवट सुटला होता. कल्याणला एका सरकारी कचेरीत दहा वर्षं कंत्राटावर संगणकाचं काम करत होती. दर वर्षी कंत्राट संपलं की पुन्हा मिळेल की नाही म्हणून जीव टांगणीला. साहेबांनी सांगितलं होतं, डिप्लोमा पुरा कर, कायम होशील. तिने नोकरी आणि घर सांभाळून एकेक विषय सोडवला आणि अडकली ती कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला. त्यात दोनदा नापास झाली. नियमाने आता एकच संधी उरली होती. ती हुकली असती तर आधीचं सगळं पाण्यात.

पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहिली. "जय भीम, ताई. लेक्चरला नाही आले. नुसती प्रॅक्टिसला बसू का?"

"बस की. पण साडेआठला गोविंदमामा कुलूप लावतात."

"मला आठची गाडीच बरी पडते, ताई. पोरगा सासूबाईंजवळ असतो."

मग ती आठवड्यातून तीनदा यायला लागली. कचेरी सुटली की तडक लॅब. मी माझी मशीनं बघत असायची, ती तिचे प्रोग्राम लिहीत असायची. हुशार होती, पण भीती पोटात बसलेली. बारीकशी चूक दाखवणारी ओळ पडद्यावर आली की तिचे हात थांबायचे. मी म्हणायची, "अगं, ते ओरडत नाहीये तुझ्यावर. कुठे चुकलं ते सांगतंय. वाच." हळूहळू वाचायला लागली. माझ्याकडेही बघायची. एकदा विचारलं, "ताई, तुम्ही दर वेळी ड्रायव्हर घालायच्या आधी हे दोन ओळींचं काय करता?" मी तिला आमच्या ह्यांची बस, रिव्हर्स, पत्र्यावरच्या थापा सगळं सांगितलं. ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. मग कपाटावरच्या कागदावरच्या चारही ओळी आणि मी मशीनमध्ये टाकते त्या दोन ओळी तिने वहीत उतरवून घेतल्या. "परीक्षेत थोडंच विचारणारेत?" मी म्हटलं. "असू दे ताई. कचेरीत उपयोगी पडेल."

परीक्षेच्या दोन दिवस आधी कुणी कुठल्या मशीनवर बसायचं त्याची यादी लागली. सुरेखाच्या नंबराला सतरा नंबरचं मशीन आलं. ते हिरव्या कार्डाचं होतं आणि त्याची डिस्क नेमकी त्याच आठवड्यात गेली होती. मी नवी डिस्क घालून लिनक्स नव्याने चढवलं, त्याच्याबरोबर हौशी लोकांचा सावकाश ड्रायव्हर आपोआप आला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

आदल्या संध्याकाळी सुरेखा त्या मशीनवर सरावाला बसली. तिचा हुकमी प्रोग्राम म्हणजे फिरता घन. सहा बाजूंना सहा रंग, आणि घन आपल्याभोवती गोल फिरतो. तिने चालवला तर घन धक्के खात फिरायला लागला. तिचा चेहरा उतरला. "ताई, अडखळतोय. उद्या सर म्हणतील प्रोग्रामच चुकलाय."

तिचा प्रोग्राम बरोबर होता, ड्रायव्हर सावकाश होता, बस्स. हे तिला समजावून सांगितलं असतं तर काम भागलं असतं. पण मला काय अवदसा आठवली! उद्या बाहेरचे परीक्षक येणार, माझ्या लॅबमध्ये घन धक्के खात फिरणार, हे मलाच बघवेना. तिचं निमित्त केलं, मिरवायचं मला होतं. मी म्हटलं, "थांब, कंपनीचा ड्रायव्हर घालते. कसा पळतो बघ." लग्नाच्या दिवशी नवी चप्पल घालू नये, हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं?

मी मशीनचा पूर्ण ताबा देणारा पासवर्ड टाकला, आता कामाला लागणार तेवढ्यात गोविंदमामा दारातून म्हणाले, "बाई, खाली ऑफिसात बोलावलंय. उद्याच्या सह्यांचं काहीतरी आहे." मी पडदा तसाच उघडा टाकून खाली गेले. ही आणखी एक चूक, लॅबच्या नियमात सगळ्यात मोठी. पंधरा मिनिटांनी आले, घाईघाईने ड्रायव्हर बसवला, मशीन बंद करून चालू केलं, चाकं फिरवून बघितली. लोण्यासारखी फिरली. सुरेखाने घन चालवला, तोही तसाच. ती खुशीत आठची गाडी पकडायला पळाली.

सकाळी अकराला परीक्षा सुरू झाली. परीक्षक ठाण्याहून आले होते. वयस्कर, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर चढवलेला. बाहेरचं नेट परीक्षेसाठी तोडलेलं होतं, लॅबच्या आतली तार तेवढी चालू. सुरेखाच्या चिठ्ठीत फिरता घनच आला. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. तासभर ती खाली मान घालून लिहीत होती. मधे एकदा तिचा चेहराही खुलला होता.

आणि मग तिचा आवाज आला. "ताई."

सतरा नंबरचा पडदा काळा होता. माउस हलवला, काही नाही. सुरेखाचे हात कीबोर्डवर तसेच अधांतरी. तासाभराचं सगळं लिखाण त्या काळ्या पडद्यामागे होतं आणि तिने ते नीट जतन केलेलं नव्हतं. परीक्षक उठून आले. "काय झालं? बंद करून चालू करा ना."

"सर, नको." माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "बंद केलं तर तिचं लिहिलेलं जाईल. पाच मिनिटं द्या."

"तुम्ही विद्यार्थ्याच्या मशीनला हात लावू शकत नाही."

"मशीन बिघडलं तर लावू शकते, सर. त्यासाठीच मला इथे बसवलंय."

ते बाजूला झाले. मी कीबोर्डवरचं मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं. त्याचा छोटा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे मशीन जिवंत होतं, नुसता पडदा गेला होता. ड्रायव्हरने मान टाकली होती. मीच आदल्या संध्याकाळी मिरवायला बसवलेल्या ड्रायव्हरने.

आता शेजारच्या मशीनवरून शिरायचं. अठरा नंबरचा विद्यार्थी गैरहजर होता. मी त्या खुर्चीत बसले आणि आठवायला लागले. कंडक्टर उतरवला होता का? मशीन नवं चढवलेलं, त्यात ते दार आपोआप येत नाही. पासवर्ड टाकला होता तो आठवला. मग गोविंदमामा, खाली ऑफिस, सह्या. वर आले ते थेट ड्रायव्हरलाच हात घातला. दोन ओळी लिहिल्याचं काही केल्या आठवेना. इतरांना कागद चिकटवून शिकवणारी मी, आणि बरोबर त्याच दिवशी एकटीने रिव्हर्स घेतला होता. सुरेखा माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिची दहा वर्षं, टिटवाळ्याहून घातलेले हेलपाटे, सगळं माझ्या हौसेपायी गेलं, असंच मला वाटलं. 

तरी हात चालवला. सतराचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. दार नसेल तर लगेच नकार येतो.

नकार आला नाही. पासवर्ड विचारला.

मी पासवर्ड टाकला आणि आत गेले. सुरेखाने ज्या प्रोग्राममध्ये लिहिलं होतं तो लिहिता लिहिता आपणहून एक कच्ची प्रत ठेवत असतो. ती सापडली. ती अठरावर आणली, उघडली. शेवटच्या दोन ओळी सोडल्या तर सगळं होतं. मी उठले आणि सुरेखाला म्हटलं, "बस. यापुढचं तुझं." परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, घड्याळात बघितलं आणि तिला दहा मिनिटं वाढवून दिली.

अठरा नंबरवर सावकाश ड्रायव्हर होता. सुरेखाने राहिलेल्या ओळी लिहिल्या, प्रोग्राम चालवला आणि घन धक्के खात फिरायला लागला. परीक्षकांनी वाकून बघितलं. "हा अडखळतोय का?"

 सुरेखा ताठ बसली. म्हणाली, "सर, प्रोग्राम बरोबर आहे. या मशीनचा ड्रायव्हर हौशी लोकांनी लिहिलेला आहे. हळू चालतो, पण पडत नाही. त्या मशीनवर कंपनीचा होता. तो पळत होता आणि पडला."

 परीक्षकांनी खुर्ची ओढली आणि तिला विचारत बसले. कार्ड म्हणजे काय, ड्रायव्हर कशाला लागतो, दोन्हींपैकी कोणता कधी निवडावा. पुस्तकाबाहेरचं सगळं. ती सांगत होती. काही वाक्यं तर माझीच होती, तशीच्या तशी. मी मागे कपाटापाशी उभी राहून ऐकत होते आणि मला रडू येत होतं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

परीक्षा संपल्यावर सगळे गेले, ती थांबली. मी म्हटलं, "सुरेखा, चूक माझी होती. तो ड्रायव्हर काल बदलायला नको होता. आणि दार मी कधी उघडलं तेही मला आठवत नाही. हातानेच केलं असेल सवयीने."

ती खाली बघत म्हणाली, "ताई, रागावणार नाही ना?"

"का गं?"

"काल तुम्ही खाली गेलेलात ना, पडदा उघडाच होता. मी तुमच्या कागदाकडे बघितलं. एक नंबर झालेला. आल्यावर तुम्ही घाईत असणार, दोन नंबर राहील असं मला वाटलं. म्हणून वहीत बघून त्या दोन ओळी मीच टाकल्या. विचारल्याशिवाय हात लावला, म्हणून सांगायला घाबरले."

विद्यार्थ्याने सहायकाच्या पासवर्डावर मशीनमध्ये काही करणं हा गुन्हा आहे. त्याचा अर्ज लिहावा लागतो, वरपर्यंत जातो. मी तिला म्हटलं, "पुन्हा असं करायचं नाही." आणि तिला जवळ घेतलं.

ती पास झाली. पुढे कायमही झाली. आता तिच्या कचेरीतले संगणक लिनक्सवर गेलेत, ती अधूनमधून फोन करते. "ताई, हिरवं कार्ड आहे, कुठला घालू?" मी एवढंच विचारते, "दोन नंबर?" तिकडून उत्तर येतं, "झालाय." मग आम्ही निवांत गप्पा मारतो. नोकरीने मला बढती दिली नाही, पदक नाही, निरोपाला एक घड्याळ दिलं तेही मागे पडतं. पण तक्रार करावी असं काही नाही. तीस मशीनं मी निघाले त्या दिवशी चालू होती, तीसही पडदे उजळ.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा हे नुकतेच ड्यूटीवरून आले होते, खाकी शर्ट अजून अंगातच. चहा करता करता मी सगळं सांगितलं. माझी हौस, काळा पडदा, सगळं. मला वाटलं होतं, आता मला चांगलं सुनावतील. कंडक्टर न उतरवता रिव्हर्स म्हणजे ह्यांच्या लेखी त्याहून मोठं पाप नाही. सुरेखाने काय केलं ते मी शेवटी सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला. मग चहाच्या टेबलावर तळहाताने दोन हलक्या थापा मारल्या, पत्र्यावर मारतात तशा.

"कुठल्या डेपोची गं ती?" ह्यांनी विचारलं.

"आपल्याच," मी म्हटलं.